डोळा मेदिनीपूरचा, माती वेल्ह्याची

टपालाने आलेला गुलाब पहिल्या नजरेत गुलाब वाटतच नाही. पुठ्ठ्याचं लांबट खोकं, त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ओलसर शेवाळाचा नाहीतर नारळाच्या भुशाचा गठ्ठा आणि त्यातून बाहेर आलेल्या वीत-दीड वीत लांबीच्या, पानं काढून टाकलेल्या काटेरी काड्या. प्रत्येक काडीला नावाची चिठ्ठी बांधलेली. पीस, डबल डिलाइट, क्वीन एलिझाबेथ, पापा मिलँड. चित्रात पाहिलेलं फूल आणि हातातली काडी यांचा काही संबंध आहे यावर घरातल्या कुणाचाही विश्वास बसत नाही. ‘एवढ्यासाठी पैसे पाठवले?’ हा प्रश्न भोरपासून भागलपूरपर्यंत सगळ्या घरांत सारख्याच सुरात विचारला जात असणार.

तरीही ही पार्सलं येतात, आणि भोर-वेल्ह्याकडे पूर्वीपेक्षा जास्त येतात. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून इथेही तेच ठेवतो. पुण्या-मुंबईत नोकऱ्या करून निवृत्तीनंतर गावाकडच्या घराला अंगण काढणारे लोक, पानशेतच्या नाहीतर गुंजवणीच्या बाजूला दोन-चार गुंठे घेतलेले शहरी लोक, आणि शाळेत किंवा पंचायत समितीत नोकरी करून संध्याकाळी कुंड्यांत रमणारे स्थानिक लोक अशी ही मंडळी आहेत. पुणे-सातारा रस्त्यावरच्या रोपवाटिकांत गुलाब मिळतात, पण तिथे विचारल्यावर ‘लाल’, ‘पिवळा’, ‘डबल रंगाचा’ अशी उत्तरं मिळतात. नाव कळत नाही. पुणे जिल्ह्यातला रोपवाटिकांचा मोठा पट्टा उरुळी कांचनच्या बाजूला, सोलापूर रस्त्यावर. भोरहून तिकडे जायचं म्हणजे दिवस मोडला. मग माणूस मोबाइल काढतो, आपला ४१२२०६ हा पिनकोड टाकतो आणि तिथपर्यंत पोचवणारा कोण सापडतो ते बघतो.

या लेखापुरता माझा मुद्दा एवढाच आहे की गुलाब मागवणारा माणूस एका झाडाचे पैसे भरतो आणि त्याच्या दारात दोन झाडं येतात. चित्र फक्त वरच्या झाडाचं असतं. झाड जगणार की मरणार हे मात्र मुख्यतः खालच्या झाडावर आणि ते कुठल्या महिन्यात येतं यावर ठरतं. या दोन गोष्टींबद्दल विकणारा बोलत नाही आणि घेणारा विचारत नाही.

बागेतला गुलाब बी पेरून होत नाही. म्हणजे बी उगवतं, पण आईसारखं फूल येत नाही. म्हणून हव्या त्या जातीच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा, दुसऱ्या एखाद्या रानवट, काटक गुलाबाच्या सालीत इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन त्यात बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचा. याला आपल्याकडे डोळा भरणं म्हणतात. डोळा फुटून कोंब निघाला की त्याच्यावरचा खुंटाचा भाग छाटून टाकायचा. त्यानंतर वर जे वाढतं ते पीस किंवा डबल डिलाइट, आणि जमिनीत जे पसरतं ते खुंटाचं. एका काडीवर आठ-दहा डोळे असतात, म्हणजे एका काडीतून तेवढी झाडं. गुलाबाचा बराचसा जागतिक व्यापार या नखाएवढ्या डोळ्यावर उभा आहे.

याची सगळ्यात नामांकित गोष्ट पीस गुलाबाचीच. फ्रान्समधल्या लिऑन शहराजवळ फ्रान्सिस मेयाँ नावाच्या तरुण गुलाबकाराने तयार केलेलं एक रोप ३-३५-४० या क्रमांकाने त्याच्या वहीत होतं. १९३९ मध्ये युद्ध तोंडावर आलं, तेव्हा त्याने या रोपाच्या डोळेकाड्या परदेशातल्या उत्पादकांकडे पाठवून दिल्या. अमेरिकेला जाणारं पुडकं लिऑनमधल्या अमेरिकन वकिलातीमार्फत गेलं. पुढे युद्धामुळे संपर्क तुटला. जर्मनीत तोच गुलाब ‘ग्लोरिया डेई’ झाला, इटलीत ‘जोया’, आणि फ्रान्समध्ये मेयाँने त्याला आपल्या आईचं नाव दिलं. अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी, बर्लिन पडत असताना, त्याचं ‘पीस’ असं बारसं झालं. त्या पुडक्यात एकही मूळ नव्हतं. प्रत्येक देशाने आपल्या मातीत रुजलेल्या खुंटावर ते डोळे भरले. गंमत म्हणजे त्याच १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जॅक्सन अँड पर्किन्स या कंपनीने गुलाबांचा ताटवा मांडला होता. तो पाहून लोक ‘आमच्या घरी पाठवाल का’ असं विचारायला लागले आणि त्यातून तिचा टपालाने रोपं विकण्याचा प्रचंड धंदा उभा राहिला. एकीकडे डोळा पाठवण्याची रीत आणि दुसरीकडे तयार झाड पाठवण्याची. पुढे दुसरीच जिंकली, कारण डोळा भरता येणारे लोक थोडे आणि चित्र पाहून पैसे देणारे पुष्कळ.

आपल्याकडे टपालाने वस्तू मागवण्याची सवय त्याहून जुनी आहे. व्ही.पी. म्हणजे माल घेताना पोस्टमनला पैसे द्यायची पद्धत हिंदुस्थानात १८७७ साली सुरू झाली. ‘व्हीपी सोडवून घेणे’ हे तीन-चार पिढ्यांचं घरगुती काम होतं. पुस्तकं, औषधं, घड्याळं, बियाणं, सगळं व्हीपीने यायचं. पुण्याच्या कॅम्पातल्या पेस्तनजी पोचा यांच्या पेढीची स्थापना १८८४ ची. फुलझाडांच्या आणि भाज्यांच्या बियांची त्यांची पाकिटं देशभर टपालाने जात. रोपांच्या बाबतीत बंगळूरचं नाव मोठं. ‘कम्प्लीट गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक लिहिणारे के. एस. गोपालस्वामी अय्यंगार तिथले, आणि त्यांच्या घराण्याच्या रोपवाटिकेतून गुलाबाच्या याद्या हौशी लोकांपर्यंत पोचत.

भोर संस्थानाचं तर स्वतःचं टपाल होतं. १८७९ मध्ये संस्थानाने अर्ध्या आण्याचं आणि एका आण्याचं तिकीट काढलं, आणि १९०१ मध्ये पंतसचिव शंकरराव यांच्या छबीचं अर्ध्या आण्याचं. ही तिकिटं आज संग्राहक शोधत असतात. ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. भोरचं तिकीट लावून पुण्याला पत्र जात नसे. राजवाड्याच्या बागेत त्या काळी कोणते गुलाब होते ते आता सांगता येणार नाही, पण बाहेरून काही मागवायचं तर इंग्रजी पोस्टाची वाट धरावी लागत असणार. आता ती अडचण राहिली नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, आणि पार्सल कुठवर आलं हे मोबाइलवर दिसतं. खासगी कुरिअरचं मात्र दुर्गम गावांत नेहमीच जमतं असं नाही. वेल्ह्याच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांवरचे लोक पत्ता घरचा न देता बाजाराच्या गावातल्या ओळखीच्या दुकानाचा देतात, आणि दुकानदाराला ‘दादा, खोकं उन्हात ठेवू नका’ एवढं सांगून ठेवतात. उघड्या मुळांच्या झाडाला प्रवासातल्या चार-पाच दिवसांपेक्षा शटरजवळच्या उन्हातली एक दुपार जास्त भोवते.

नावाजलेले गुलाब आज येतात कुठून? एक मोठा स्रोत पश्चिम बंगाल. खरगपूरजवळच्या जकपूरची पुष्पांजली ही रोपवाटिका हौशी लोकांत देशभर ठाऊक आहे. पांसकुडा, कोलाघाट हा सगळा मेदिनीपूरचा पट्टाच फुलांचा. तिथली नदीकाठची गाळाची माती, मऊ हिवाळा आणि पिढ्यान्‌पिढ्या डोळा भरणारे हात यांचा तो परिणाम. इतिहासात याला एक मजेदार संदर्भ आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले बारमाही फुलणारे गुलाब युरोपात गेले ते बरेचसे कलकत्त्याच्या वाटेने. जहाजं तिथल्या वनस्पती उद्यानात थांबत. म्हणून युरोपवाले त्या चिनी गुलाबांना ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले. आज आपण ज्याला विलायती गुलाब समजतो त्याचं वर्षभर फुलणं या चिनी रक्तातून आलेलं आहे. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत.

मेदिनीपूरमध्ये खुंट वापरतात तो मुख्यतः रोझा मल्टिफ्लोरा. काटे कमी, फांदी चटकन रुजते, साल सहज सुटते, डोळा भरायला सोपा. उत्तरेकडे, पंजाब-उत्तर प्रदेशच्या बाजूला एडवर्ड नावाचा खुंट जास्त. रोझा इंडिका ओडोराटा हा आणखी एक, क्षारांना आणि चुनखडीला त्यातल्या त्यात सोसणारा. तळेगावच्या फुलशेतीच्या पॉलिहाउसांत नटाल ब्रायर असतो. चित्रातलं फूल चारही ठिकाणी एकच असू शकतं. खाली मुळं वेगळी.

आता भोरची माती बघा. तालुक्याच्या पूर्वेला, नसरापूर-कापूरहोळपासून महामार्गाच्या बाजूने गेलं की मध्यम काळी जमीन लागते, जागोजाग चुनखडी. पश्चिमेला नीरेच्या हिरडस मावळात, वेळवंड खोऱ्यात, वेल्ह्याकडच्या कानद आणि गुंजण मावळात शिरलं की माती तांबूस, हलकी, मुरमाड होत जाते आणि तिच्यातला चुना पावसाने धुऊन गेलेला असतो. मल्टिफ्लोराला किंचित आंबट जमीन मानवते. चुनखडी मानवत नाही. चुन्याच्या जमिनीत त्याच्या मुळांना लोह उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माणूस खत कमी पडलं समजून आणखी खत घालतो. झाड आणखी पिवळं होतं. एकाच खोक्यातून आलेली झाडं दोन भावांनी वाटून घेतली, एकाने महामार्गाकडच्या मळ्यात लावली आणि दुसऱ्याने तोरण्याच्या पायथ्याशी, तर त्यांचं नशीब सारखं निघेलच असं नाही, आणि यात रोपवाटिकेचा दोष शोधण्यात अर्थ नसतो. पूर्वेकडच्या माणसाने इंडिका खुंटावरची झाडं विचारून घ्यावीत, नाहीतर मोठ्या कुंडीत तांबडी माती, शेणखत आणि थोडी वाळू यांच्या मिश्रणात लावावीत. पश्चिमेकडच्या माणसाला मेदिनीपूरचा माल जसाच्या तसा चालतो. त्याचा शत्रू वेगळा आहे.

तो शत्रू म्हणजे पाऊस. भोर गावाहून घाटमाथ्याकडे जावं तसा पाऊस झपाट्याने वाढतो. वरंध घाटाची वाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंदच ठेवावी लागते, त्यावरून अंदाज यावा. जून ते सप्टेंबर पानं वाळतच नाहीत. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रुजायला पान सलग सात तासांच्या आसपास ओलं लागतं. भटघर धरणाच्या मागे जुलैमध्ये सलग सात तास कोरडं मिळणं हीच बातमी. ठिपके पडतात, पानं पिवळी होऊन गळतात, उघड्या पडलेल्या फांद्यांवर शेंड्याकडून काळेपणा उतरायला लागतो. हे शेंडेमर एकदा डोळा भरलेल्या जागेपर्यंत पोचलं की वरचं झाड गेलं. जाड पाकळ्यांच्या जातींची कळी भिजून चिकटते आणि न उमलताच तपकिरी होऊन सडते. पीस आणि त्याच्यासारख्या भरगच्च फुलांचं श्रावणात हेच होतं. कमी पाकळ्यांचे, झुपक्यांनी येणारे फ्लोरिबंडा या काळात त्यातल्या त्यात तग धरतात. आइसबर्गचं नाव इथे सगळ्यात आधी घ्यावं लागेल.

इथेच गावातल्या शहाणपणाची आणि गुलाबाची फारकत होते. झाड लावायचं ते पावसाळ्यात, हे आपल्याकडे लहानपणापासून मनावर बिंबलेलं. १९५० पासून वनमहोत्सव जुलैमध्ये होतो, शाळेतली पोरं रोपं घेऊन रांगेत उभी राहतात. आंबा, जांभूळ, करंज यांच्यासाठी हे बरोबर आहे. बंगालहून आलेला उघड्या मुळांचा गुलाब वेल्ह्यात जुलैत लावणं म्हणजे त्याला पाण्यात बुडवणं. शहाण्या रोपवाटिका अशी झाडं पाठवतातच हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. ते महिने आपल्यासाठीही चांगले. थंडीत मूळ धरायला सवड मिळते, भुरी येते पण ती आवरता येते, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्याआधी झाड स्वतःच्या पायावर उभं राहतं. पिशवीतली झाडं मात्र बाराही महिने विकली जातात, पावसाळ्यात ‘मॉन्सून सेल’ लावून जोरात. वाहतुकीत मातीची हुंडी फुटली की पिशवीतलं झाड आणि उघड्या मुळांचं झाड यांत फरक राहत नाही. फरक एवढाच की उघड्या मुळांच्या झाडाला मुळं ओली ठेवून नीट बांधलेलं असतं आणि पिशवीतल्याला नाही.

वेल्ह्याच्या बाजूचे एक निवृत्त शिक्षक भाताच्या खाचराच्या बांधावर गुलाब लावतात. घरासमोर सपाट जागा असताना बांधावर का, असं विचारलं तर म्हणाले, ‘अंगणात पाणी साचतं. बांधावरून ते आपसूक खाली खाचरात जातं. भाताला पाणी, गुलाबाला वारा.’ ज्यांना बांध नाही त्यांनी फूटभर उंचीचा गादीवाफा करावा, हाच त्याचा अर्थ. खड्डा दीड-दोन फूट खोल, तळाशी विटांचे तुकडे किंवा जाड मुरूम, वर पोयटा, कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. हे सगळं पार्सल यायच्या आधी पंधरा दिवस करून ठेवायचं, म्हणजे माती बसते. पार्सल आलं की मुळं काही तास पाण्यात ठेवायची, मोडलेली मुळं सिकेटरने कापायची, आणि डोळा भरलेली गाठ जमिनीच्या दोन-तीन इंच वर राहील अशा बेताने लावायचं. थंड देशांतल्या पुस्तकांत ती गाठ मातीखाली पुरायला सांगतात, कारण तिथे बर्फापासून तिचा बचाव करायचा असतो. आपल्याकडे पुरली की ती कुजते. गुलाबाची पुस्तकं विलायतेहून आली, त्यांच्याबरोबर अशा काही सूचनाही आल्या आणि अजून गुगलवरून येतात. पहिले आठ-दहा दिवस सावली, आणि नवी पानं तांबूस-हिरवी होऊन पसरेपर्यंत खताचं नाव काढायचं नाही.

यानंतर वर्षभराने एक प्रकार बऱ्याच बागांत होतो. ‘आमचा लाल गुलाब बदलला’ असं लोक सांगतात. मातीचा गुण, पाण्याचा गुण, कुणी दृष्ट काढायलाही सांगतं. झालेलं असतं इतकंच की वरचं झाड शेंडेमराने गेलं आणि खालच्या खुंटाने डोकं वर काढलं. खुंट एडवर्ड असेल तर गुलाबी, वासाची फुलं येतात आणि घरातले खूशही होतात. मल्टिफ्लोरा असेल तर पांढऱ्या बारीक फुलांचे झुपके येतात, किंवा आपल्या हवेत फूल येतच नाही, नुसत्या लांब हिरव्या छड्या कुंपणावरून बाहेर पडतात. अमेरिकेतल्या जुन्या बागांत डॉक्टर ह्यूई नावाचा गडद लाल गुलाब जागोजाग दिसतो. तो बहुतेक ठिकाणी कुणी मुद्दाम लावलेला नाही, तो तिथला खुंट आहे. खुंटाची फूट ओळखायला ‘सात पानांची ती रानटी, पाच पानांची ती खरी’ असा एक नियम सांगितला जातो. तो बेभरवशाचा आहे, कारण पुष्कळ चांगल्या जातींनाही सात पानं येतात. मल्टिफ्लोराची खरी खूण पानाच्या देठाच्या बुडाशी असते: तिथल्या दोन छोट्या पंखांच्या कडेला बारीक झालर असते. फूट गाठीच्या खालून निघाली आहे का ते माती बाजूला करून पाहायचं आणि तशी असेल तर कापायची नाही, ओढून उपटायची. कापली की दुप्पट जोमाने येते.

फसवणुकीबद्दल बोलायला हवं, पण फार नाही, कारण तिच्यात नवीन काही नाही. निळ्या गुलाबाच्या आणि इंद्रधनुषी गुलाबाच्या बिया मोबाइलवर विकल्या जातात. निळा गुलाब निसर्गात नाही. गुलाबाच्या पाकळ्यांत डेल्फिनिडिन हे निळं रंगद्रव्य बनवणारं जनुकच नसतं. जपानच्या सन्टोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातलं जनुक घालून असा गुलाब बनवल्याचं २००४ मध्ये जाहीर केलं आणि २००९ पासून जपानमध्ये विकला, तोही पाहणाऱ्याला जांभळटच वाटतो. तेव्हा पाकिटातून तो मिळायची शक्यता शून्य, आणि इंद्रधनुषी गुलाब म्हणजे पांढऱ्या फुलाचा देठ चिरून रंगीत पाण्यात ठेवलेला. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर फळझाडांच्या कलमांसाठी महाराष्ट्रात रोपवाटिका नियमनाचा १९६९ चा कायदा आहे. आंब्याच्या कलमाची जात खोटी निघाली तर निदान बोट ठेवायला जागा आहे. गुलाब फळझाड नाही. उरतो तो ग्राहक कायदा आणि १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन. मेलेल्या झाडाचे पैसे त्यातून कधीकधी परत मिळतात. गेलेला हिवाळा मिळत नाही. परदेशातून सुंदर इंग्रजी गुलाब थेट मागवायचा विचार करणाऱ्यांनी तर तो सोडूनच द्यावा, कारण जिवंत रोपांना आयात परवाना आणि विलगीकरणाचे नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत.

त्यापेक्षा गंभीर फसवणूक कायदेशीर आहे. पुष्पगुच्छातला लांब देठाचा, दहा दिवस टिकणारा लाल गुलाब पाहून लोकांना तोच अंगणात हवा असतो. टॉप सीक्रेट, ताजमहाल ही नावं सांगून मागवतात. मावळातल्या पॉलिहाउसांत, डोक्यावर प्लॅस्टिकचं छत आणि मुळाशी ठिबक असताना, फेब्रुवारीच्या बाजारासाठी वाढवायला या जाती उत्तम. उघड्यावर, घाटमाथ्याच्या पावसात त्यांच्याकडून तीच अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. शिवाय वास नाही. आणि अंगणातल्या गुलाबाला वास नसला तर आपल्याकडच्या बायका तो देवालासुद्धा नाखुशीने वाहतात.

मग मागवायचं काय? इथे दोन भारतीय माणसांची नावं घ्यावी लागतील. पहिले डॉ. बी. पी. पाल. गव्हावरच्या तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जाती घडवणारे शास्त्रज्ञ, १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, आणि फावल्या वेळात नव्हे तर त्याच शिस्तीने गुलाब घडवणारे. त्यांचं ‘द रोज इन इंडिया’ १९६६ मध्ये आलं. दिल्ली प्रिन्सेस, बंजारन, डॉ. होमी भाभा हे त्यांचे गुलाब. दुसरे एम. एस. विराराघवन. प्रशासकीय सेवा सोडून कोडाईकनालला स्थायिक झालेले हे गृहस्थ पत्नी गिरिजा यांच्यासह कित्येक दशकं एकाच प्रश्नामागे आहेत: थंड देशांसाठी घडवलेले गुलाब उष्ण, दमट देशाने का लावायचे? त्यांनी मणिपूरच्या डोंगरातला रोझा जायगँशिया आणि बिहार-बंगालच्या नदीकाठी पुराच्या पाण्यातही तगून राहणारा रोझा क्लिनोफिला हे दोन भारतीय रानगुलाब संकरासाठी निवडले. पाण्यात उभा राहू शकणारा गुलाब! वेल्ह्याच्या माणसाने कॅटलॉगमध्ये सगळ्यात आधी याच वंशाची नावं शोधायला हवीत. ती सहज मिळत नाहीत, कारण रोपवाटिका लोकांना माहीत असलेली नावं ठेवतात आणि लोकांना रोपवाटिकेत असलेली नावं माहीत असतात.

आणि तिसरा, ज्याला कुणी मागवत नाही तो. गावठी गुलाब. भोरच्या जुन्या वाड्यांच्या परसात, विहिरीच्या थारोळ्याजवळ, देवळाच्या मागे हा असतोच. गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचा, दुपारपर्यंत गळणारा, वासाने भरलेला. गुलकंद याचा होतो. फांदी खोचली की लागते, कसली फवारणी लागत नाही, आणि इथल्या मातीत, इथल्या पावसात त्याच्या कित्येक पिढ्या गेल्या आहेत. हौशी मंडळी त्याच्याकडे पाहतही नाहीत. मला मात्र तो खुंट म्हणून दिसतो.

कारण आता इथे थोडे लोक उलट्या दिशेने जाऊ लागले आहेत. मेदिनीपूरहून किंवा बंगळूरहून नावाच्या जातीचं एकच झाड मागवायचं, ते कुंडीत जपून वर्षभरात चांगलं वाढवायचं, आणि पुढच्या थंडीत त्याच्या काडीवरचे डोळे गावठी गुलाबाच्या रुजलेल्या फांद्यांवर भरायचे. डोळा भरायला ब्लेड, पट्टी आणि थोडी हिंमत लागते. पहिल्या खेपेला निम्मे जरी लागले तरी पुष्कळ. नोंदणी झालेल्या नव्या जातींची कलमं करून विकण्यावर वाणसंरक्षणाच्या २००१ च्या कायद्याची बंधनं आहेत, पण पीस, क्वीन एलिझाबेथ, आइसबर्ग यांना साठ-सत्तर वर्षं होऊन गेली. त्यांच्यावर आता कुणाचा हक्क नाही. डोळे वाटले जातात. नसरापूरहून वेल्ह्याला ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या एसटीच्या ड्रायव्हरकरवी जातात, आणि ‘काकू, पोचल्या का?’ असा फोन जातो. मेयाँचं पुडकं याहून फार वेगळं नव्हतं.

माकडांवर उपाय मात्र अजून कुणाला सापडलेला नाही. राजगडाच्या बाजूची वानरं गुलाबाची कोवळी कळी आवडीने खातात, आणि ती गावठी आहे की मेदिनीपूरची याचा त्यांना काही फरक पडत नाही. जाळी लावणारे लावतात. बाकीचे डिसेंबरचा पहिला बहर माकडांचा धरून चालतात आणि छाटणी दसऱ्याऐवजी दिवाळीनंतर करतात, म्हणजे फुलं जानेवारीत येतात. तेव्हा भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते आणि राखायला घरात माणूस असतो.